यूट्यूबला टायमर लावूनही मुलाला झोपायला रात्रीचा एक का वाजतो?

डोंबिवली_पालक: मुलगा बारावी सायन्सला, क्लास दादरला. सकाळी पावणेसहाला उठायचं असतं. अँड्रॉइड फोनवर डिजिटल वेलबीइंगमधून यूट्यूबला 45 मिनिटांचा टायमर लावलाय, तरी एक वाजतोच. नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, त्यामुळे फोन काढून घेता येत नाही. काय करावं?

सेटिंगवाला: हा टायमर बरोबर मध्यरात्री नव्याने मोजायला लागतो. साडेअकराला 45 मिनिटं संपली तरी बाराला पुन्हा 45 मिळतात, म्हणजे पाऊण वाजला! शिवाय हा टायमर अ‍ॅपपुरता, क्रोममध्ये यूट्यूब उघडलं की चालू. बेडटाइम मोडवर विसंबू नका, तो स्क्रीन काळीपांढरी करतो आणि आवाज बंद करतो, अडवत काही नाही. फॅमिली लिंक (गूगलचं पालकांसाठीचं अ‍ॅप) घ्या आणि त्यातला डाउनटाइम, म्हणजे फोन बंद ठेवायची वेळ, रात्री 10:15 ते पहाटे 5:45 ठेवा, अख्खा फोनच लॉक होतो. तेरा वर्षांवरच्या मुलाची संमती लागते, म्हणून वेळा त्याच्यासोबत बसूनच ठरवा. लपूनछपून लावलेलं कुलूप टिकत नाही.

रात्रशाळा: याच्या जोडीला चार्जर स्वयंपाकघरात न्या. वन रूम किचनमध्येही एवढं जमतं. अलार्मला साधं टेबलावरचं घड्याळ आणा, नाहीतर 'अलार्मसाठी हवाय' म्हणून फोन उशाशी येतोच. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पावणेसहाला उठायचं तर पावणेदहाला आडवं व्हायला हवं, सव्वादहा खरं तर उशीरच.

लोकल_अभ्यास: लोकलमधला वेळ वापरा. अँकीड्रॉइड हे प्रश्न-उत्तरांच्या कार्डांवरून उजळणी करायचं अ‍ॅप फुकट आहे, नेटशिवाय चालतं. रोज 20 नवी कार्डं हे मूळ सेटिंग 10 वर आणा. रोजची उजळणी हळूहळू नव्या कार्डांच्या सात-दहापट होते. विसाला दीड-दोनशे कार्डं साचली की मुलं आठवडाभरात सोडून देतात. एका कार्डावर एकच गोष्ट हवी. रसायनशास्त्रातल्या अभिक्रियांचं उदाहरण घ्या: 'एसएन1 आणि एसएन2 मधला फरक' हे कार्ड वाईट. 'एसएन1 चा वेग कशावर ठरतो?' आणि मागे 'फक्त हॅलोअल्केनच्या संहतीवर', हे चांगलं. उभ्याने एका हाताने करता यावं म्हणून अ‍ॅपच्या सेटिंगमधल्या कंट्रोल्समध्ये उत्तरं आवाजाच्या बटणांना जोडा. दारात उभं असताना मात्र फोन खिशातच.

डोंबिवली_पालक: मध्यरात्रीचं गणित लक्षातच आलं नव्हतं! शनिवारी वेगळी वेळ ठेवता येते का?

सेटिंगवाला: हो, प्रत्येक वाराची वेळ वेगळी ठेवता येते. अर्ध्या-एक तासापेक्षा जास्त सूट देऊ नका, नाहीतर रविवारी रात्री लवकर झोप लागत नाही आणि सोमवारची लोकल चुकते.