डीई काढून टाका म्हणे!

घोडबंदरकर :
काल इथे एकाने लिहिलं की इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातून डिफरन्शियल इक्वेशन (डीई, म्हणजे बदलाच्या वेगाचं समीकरण) काढूनच टाका, कॉम्प्युटर सोडवतो सगळं. वाचून डोकं फिरलं. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका केमिकल कंपनीत नवीन लागलो होतो. 500 लिटरची टाकी, त्यात मिठाचं पाणी, धुवायला मिनिटाला 10 लिटर साधं पाणी आत, तेवढंच बाहेर, ढवळणं चालू. सुपरवायझर म्हणाले 50 मिनिटांत सगळं पाणी बदललं, बंद करा. मी गप्प बसलो. तपासलं तर जवळपास 37 टक्के मीठ तसंच, कारण ढवळताना साधं पाणीही मिसळून बाहेर जातं. पुढची बॅच वाया गेली. एक टक्क्यावर यायला 230 मिनिटं लागतात हो! अगदी हेच गणित मी एम-टूला, म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपरला, सोडवलेलं होतं, पण टाकी समोर असताना सुचलं नाही. काढू नका, समीकरण मांडायला शिकवा.

ऐरोली_08 :
ते मीच लिहिलं होतं. कोर्स करूनही सुचलं नाही ना, मग माझंच खरं झालं. आम्हाला काय शिकवलं? सोडवायच्या ठरलेल्या मेथड्स: एक्झॅक्ट आहे का बघा, नसेल तर इंटिग्रेटिंग फॅक्टर, मग बर्नुली, मग सीएफ-पीआय. गणित बघून मेथड ओळखायची, बास. दोनदा केटी लागली, म्हणजे पेपर राहिला, शेवटी क्लास लावून सुटलो.

वाशीची_मॅडम :
क्लासवाल्यांनीच वाट लावलीय. वर्गात मांडणी समजावायला घेतली की पोरं विचारतात, मॅडम हे पेपरला येतं का?

गावदेवी_क्लासवाला :
मॅडम, शिव्या घालणं सोपं आहे. माझ्याकडे पोरं रात्री साडेआठला येतात, कॉलेज करून, ट्रान्स हार्बर लोकलला उभं राहून. डीवाय बाय डीएक्स म्हणजे बदलाचा वेग, एवढंसुद्धा कित्येकांना कुणी सांगितलेलं नसतं. ते मी सांगतो.

वाशीची_मॅडम :
80 पोरं एका वर्गात, त्यातली 30 हजर, आणि सिलॅबस संपवायची तारीख वरून आलेली. एकदा माझ्या जागी उभे राहून बघा.

ऐरोली_08 :
तुमच्या दोघांच्या भांडणात माझ्या वडिलांचे क्लासचे पैसे गेले त्याचं काय? दोन्हीकडे फी भरली आम्ही.

गावदेवी_क्लासवाला :
फी परवडत नव्हती त्यांना मी फुकट बसवलंय, विचारा कुणालाही.

वाशीची_मॅडम :
फीवर मी बोललेच नाही. मूळ मुद्दा कॉम्प्युटरचा होता. वाय डॅश (वायच्या बदलाचा वेग) बरोबर उणे 50 वाय घ्या, वाय 1 पासून सुरू करून 0.1 ची स्टेप घेऊन ऑयलरच्या मेथडने, म्हणजे एकेक पाऊल पुढे मोजत, सोडवा. 1, उणे 4, 16, उणे 64, आकडा फुगतच जातो, खरं उत्तर मात्र शून्याकडे चाललेलं असतं. कोर्स नीट केला नसेल तर तुम्ही तो फुगलेला आकडा खरा मानून मोकळे व्हाल.

ऐरोली_08 :
आत्ता करून बघितलं, खरंच फुगतो. 0.01 घेतल्यावर नीट आलं. ठीक आहे, काढून टाका हे माझं म्हणणं मागे घेतो, फक्त तेवढंच. पण हे उदाहरण मला दोन केट्यांत, कॉलेजात की क्लासात, एकदाही कुणी दाखवलं नाही, आणि त्याचा राग मी सोडणार नाही.

घोडबंदरकर :
नका सोडू. माझाही अजून गेलेला नाही.