मदत हवी आहे: डोळ्याच्या पडद्याच्या सुजेसाठी स्वस्त इंजेक्शन घ्यावे की महागडे?

आमचे नाना रावेर तालुक्यात केळी पिकवतात. वय 63, मधुमेह बराच जुना. पावसाळा संपताना त्यांना ठिबकची सरळ अंथरलेली नळी मध्येच वाकलेली दिसू लागली आणि वजनकाट्यावरचा आकडा डाव्या डोळ्याने वाचता येईना. जळगावच्या रेटिना तज्ज्ञांनी ओसीटी (पडद्याच्या थरांचे छायाचित्र) काढून सांगितले, की मधुमेहामुळे पडद्याच्या मध्यभागी सूज आली आहे, त्या डोळ्याची नजर 6/36 आहे (निरोगी डोळा 36 मीटरवरून वाचतो ते 6 मीटरवरूनच वाचता येते) आणि दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागेल.

औषधे दोन सुचवली आहेत: अॅव्हास्टिन, आणि त्याच्या कितीतरी पट महाग असलेले अफ्लिबरसेप्ट. अॅव्हास्टिन हे मुळात कर्करोगाचे औषध आहे, हे कळल्यापासून नाना बिथरले असून, डोळ्यात सुई खुपसून घेण्यापेक्षा दिसते तेवढे पुरे, असे म्हणतात. स्वस्त औषधाने सुरुवात केल्यास नजरेचे कायमचे नुकसान होईल का? केळीच्या काढणीत एखादी तारीख पुढे ढकलली तर चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर:

ताई, मी धुळे जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. मी फक्त माहिती देतो.

मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि व्हीईजीएफ नावाचे प्रथिन ती गळती वाढवते. दोन्ही औषधे त्यालाच अडवतात. अमेरिकेत 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, नजर 6/15 किंवा त्याहून कमी असलेल्या डोळ्यांना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्टचा फायदा अधिक झाला. नजर त्याहून बरी होती तेथे विशेष फरक पडला नाही. नाना पहिल्या गटात येतात, तेव्हा महागडे औषध सुचवण्यात गैर काही नाही. मात्र 2022 च्या अभ्यासात अशाच डोळ्यांना आधी अॅव्हास्टिन दिले आणि पुरेशी सुधारणा न झाल्यास अफ्लिबरसेप्टवर नेले, तेव्हा दोन वर्षांत नजरेतील सुधारणा सुरुवातीपासून महागडे औषध घेणाऱ्यांइतकीच राहिली. त्यांतील 70 टक्के डोळ्यांना औषध बदलावे लागले, त्यामुळे पैशांची तजवीज मनात ठेवूनच सुरुवात करा.

अॅव्हास्टिनबाबत मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कुपी 4 मिलीची, डोळ्याला लागते 0.05 मिली, म्हणून एका कुपीतून अनेक रुग्णांचे डोस काढले जातात. ते कोठे आणि कसे निर्जंतुक भरले जातात, हे संकोच न करता विचारा. मागच्या काही महिन्यांत नानांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, तर तेही आधी सांगा.

सुईचे म्हणाल, तर थेंबांनी डोळा बधिर करतात, पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाने स्वच्छ करतात आणि बुबुळाच्या कडेपासून 3.5 ते 4 मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागात इंजेक्शन देतात. नानांना बहुधा दाब तेवढा जाणवेल.

सुरुवातीच्या महिन्यांतली तारीख काढणीसाठी मुळीच चुकवू नका. सूज उतरली की डॉक्टर अंतर वाढवतात. इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर घाबरण्याचे कारण नसते, पण दुखणे वाढत गेले, उजेड सहन होईनासा झाला किंवा नजर आणखी कमी झाली, तर रविवार असला तरी त्याच दिवशी जळगाव गाठा.