‘बायोमार्कर’ला मराठीत काय म्हणायचं?

मालवणची लेक : आईच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आला. ‘हर-टू’ या पेशींवरच्या प्रथिनापुढे २+ आणि खाली शेरा, ‘फिश करावे’. आईने विचारलं, “म्हणजे आता मासे खावचे नाय की काय?” हसून झालं, पण समजावायला बसले तर ‘बायोमार्कर’ला, म्हणजे रोगाविषयी काही सांगणाऱ्या, तपासून कळणाऱ्या गोष्टीला, शब्दच सापडेना. ‘जैवचिन्हक’ कुठेतरी वाचलं होतं, पण ते आईपुढे उच्चारायची माझी हिंमत नाही. दुसरा शब्द आहे का?

दापोलीचे मास्तर : ‘लक्षण’ चालेल की. सगळ्यांच्या तोंडचा आहे.

लॅबवाला, रत्नागिरी : नाही चालणार, मास्तर. लक्षण रोग्याला जाणवतं. हे तर गाठीचा तुकडा काढून, रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. ताई, २+ म्हणजे धड ‘हो’ नाही, धड ‘नाही’ नाही. म्हणून फिश. पेशीत हे प्रथिन बनवणाऱ्या हर-टू जनुकाच्या प्रती किती, ते चमकत्या ठिपक्यांवरून मोजतात. काकूंना मासे खुशाल खाऊ द्या! मी ‘खूण’ म्हणेन.

मास्तर : खूण बरी. पण कशाची? भाषांतरांत सगळीकडे ‘भाकीतसूचक’ ठोकलेलं असतं.

लॅबवाला : तिथेच गोची आहे. दुखणं कसं वळण घेईल हे एक, अमुक औषध लागू पडेल का हे दुसरं. बांगड्याचा कल्ला उचलून लाल आहे का बघतो ना आपण? त्यावरून ताजा की शिळा एवढंच कळतं. तळायचा की तिखलं करायचं, ते कल्ला सांगत नाही. हर-टू मात्र दोन्ही सांगते. साधारण १५ ते २० टक्के स्तनकर्करोगांत ही खूण सापडते आणि पूर्वी ती नुसती वाईट बातमी होती, गाठ झपाट्याने वाढणारी म्हणून. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूवरच नेम धरणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली आणि त्याच खुणेचा अर्थ फिरला. उलटी खूणही असते. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात केआरएएस जनुक बिघडलेलं असेल तर सेटुक्सिमॅब हे औषध सहसा देत नाहीत. हे औषध पेशीच्या बाहेरून वाढीची कळ बंद धरतं, पण आत केआरएएसचा दिवा पेटलेलाच.

देवगडची सून : मला खटकतो तो ‘प्रतिसाद’. ‘गाठीने प्रतिसाद दिला’! गाठ काय हाक मारल्यावर ओ देते? आपल्याकडे औषध लागू पडतं, औषधाचा गुण येतो, औषध मानवतं. तिन्ही वेगळे. माझ्या सासऱ्यांना केमो लागू पडली, मानवली मात्र नाही. तोंड सोललं, जेवण तुटलं.

लॅबवाला : वा, वहिनी. रिपोर्टात ‘प्रतिसाद’ असू दे, कारण तो मोजतात. स्कॅनवर ठरवून मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज निदान ३० टक्के घटली, तर अंशतः प्रतिसाद. घरात बोलताना मात्र ‘लागू पडण्याची खूण’ म्हणावं.

मास्तर : समास करू या, ‘लागूखूण’.

देवगडची सून : मास्तर, घरपट्टीच्या नोटिशीतला शब्द वाटतो हो तो. तीन शब्द लागले तर लागू देत.

लॅबवाला : एक मात्र आताच सांगतो. खूण असली की औषध लागू पडेलच असं नाही, पडायची शक्यता बरीच वाढते. ताई, काकूंना हेही सांगा.

मालवणची लेक : फिशचा रिपोर्ट आला, खूण आहे. केमोबरोबर दर एकवीस दिवसांनी ट्रॅस्टुझुमॅब सलाईनमधून देणार आहेत. आई खोबरं खवत बसली होती. म्हटलं, औषध लागू पडायची खूण गावली. शक्यतेचंही सांगितलं. तिने विळीवरून मान वर केली नाही. “मगे देवक सांग तेंका. आणि येताना बांगडे हाड.”