कट न करण्याचे संकलन
चित्रपटात पात्राच्या मनातील खळबळ दाखवण्यासाठी झपाट्याने बदलणारे कट (एका चित्रणावरून थेट दुसऱ्यावर जाणे) लागतात, हे मत मला अपुरे वाटते. 'द गॉडफादर' (१९७२) मधील उपाहारगृहाच्या प्रसंगात माफिया कुटुंबातला मुलगा मायकेल शत्रू सोलोझोला मारण्यासाठी पिस्तूल घेऊन टेबलाशी परततो, सोलोझो बोलत राहतो आणि त्याच्या इटालियन बोलण्याला उपशीर्षके नसल्यामुळे आपले सारे लक्ष मायकेलच्या अस्थिर डोळ्यांवर खिळते. कट लांबवून तो चेहरा पडद्यावर जितका वेळ ठेवला जातो, तितका निर्णयाचा ताण आपल्यालाही सोसावा लागतो. त्यातच चित्रपटाच्या ध्वनीवर काम केलेल्या वॉल्टर मर्च यांनी योजलेला, पडद्यावर कुठेही न दिसणाऱ्या रेल्वेचा कर्कश आवाज चढत जातो. पार्श्वसंगीत मात्र (आणि हा संयम मला विशेष वाटतो) गोळ्या झाडून पिस्तूल टाकून देईपर्यंत येतच नाही.