मदत हवी आहे: टेम्पलरांच्या जप्तीच्या हिशेबात २० मेंढे जास्त कुठून आले?

नमस्कार मंडळी, धागा कुठल्या विभागात टाकू कळेना म्हणून इथेच टाकतेय, ॲडमिननी हवा तर हलवा.

मी इंग्लंडात लिंकनजवळ राहते. पुण्यात असताना सहा वर्षं ऑडिट केलंय, त्यामुळे हिशेब जुळला नाही की जेवण जात नाही अशी सवय. इथे जुनी कागदपत्रं वाचणाऱ्या हौशी लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात मला टेम्पलरांच्या इस्टेटींच्या हिशेबांचे फोटो मिळालेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेम्पलर म्हणजे क्रुसेडवाले (ख्रिस्ती धर्मयुद्धांतले) लढवय्ये संन्यासी, पण इंग्लंडात ते लढत वगैरे नव्हते, शेती आणि मेंढ्या सांभाळून पैसा उभा करायचे. फ्रान्सच्या राजाने १३ ऑक्टोबर १३०७ ला त्यांना धरलं, इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डने आधी टाळाटाळ केली आणि शेवटी जानेवारी १३०८ मध्ये धरपकड करून सगळ्या जमिनी जप्त केल्या. मग शेरीफ आणि राजाने नेमलेले राखणदार त्या चालवायला लागले आणि दमडी दमडीचा हिशेब राजाच्या खजिन्याला देऊ लागले. ते लॅटिनमधले रोल, म्हणजे हिशेबाच्या गुंडाळ्या, लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, ई ३५८ या मालिकेतले १८ ते २० नंबर. पकडलेल्या साध्या ब्रदरला (टेम्पलर संन्याशाला) दिवसाला ४ पेन्स भत्ता, सगळं लिहिलेलं आहे. एवढे काटेकोर लोक, आणि मेंढ्यांच्या ओळीत माझं डोकं फिरलंय.

मॅनॉरचं (जहागिरीच्या शेतवाडीचं) नाव नाही सांगत, ग्रुपचं काम अजून चालू आहे. ओळ अशी आहे (खच्ची केलेल्या मेंढ्यांची): आकडे रोमन आहेत, सी म्हणजे शंभर आणि एक्स म्हणजे दहा. सुरुवातीला दोन सी आणि एक एक्स, म्हणजे २१०. त्यातले रोगाने मेले ४६. विकले, इथे चार काड्या आणि त्यांच्या डोक्यावर बारीक दोन एक्स. ते चार आणि वीस, म्हणजे २४ असेल असं आधी वाटलं, मग ग्रुपमधल्या काकांनी सांगितलं की चार गुणिले वीस, ८०. म्हणजे आपली आजी म्हणायची ना चार विसा, तस्संच! मला इतका आनंद झाला की विचारू नका. तर २१० वजा ४६ वजा ८०, उरले ८४. आणि कारकून लिहितो शिल्लक एक सी आणि चार, १०४. वीस मेंढे काय आभाळातून पडले का. फोटो झूम करून करून बघितला, आकडे तेच आहेत.

दुसरं, धान्याच्या हिशेबात बार्ली आणि ओटचं बियाणं खर्चात दिसतं पण गव्हाचं एक दाणाही नाही, तरी त्याच वर्षी गव्हाची कापणी झालेली आहे. कारकूनच घोटाळेबाज होता का?

मोडीची गोडी:
ताई, कारकुनाला शिव्या घालू नका, तो बरोबर आहे. त्या काळात इंग्लंडात जनावरं, लोकर, हेरिंग मासे, खिळे अशा नगावर मोजायच्या वस्तूंसाठी मोठं शेकडं चालायचं, सी म्हणजे १२०. सहा विसा. आता परत करा: दोन सी म्हणजे २४०, वर दहा, २५०. त्यातून ४६ गेले २०४, ८० गेले १२४. आणि एक सी अधिक चार, १२४. जुळलं की नाही.

आणि गंमत बघा, ज्या ओळीत दोन्हीकडे सी सारखेच असतील तिथे साधा शंभर धरला तरी बेरीज जुळते आणि तुम्हाला कळतही नाही की मेंढरं कमी मोजली गेली. म्हणून जुळलेल्या ओळीही परत बघा.

धागाकर्ती:
अहो काय सांगता!! १२४ च. मी दोन आठवडे झोपले नाही हो. जुळलेल्या ओळी परत बघायच्या हे वाचून मात्र पोटात गोळा आला, चाळीस पानं टाइप करून झालीत.

बांधावरचा:
गव्हाचं मी सांगतो, लॅटिन येत नाही पण शेती येते. हिशेब कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत आहे?

धागाकर्ती:
१० जानेवारी ते मायकेलमस, २९ सप्टेंबर.

बांधावरचा:
मग झालं की. तिकडे गहू शरद ऋतूत पेरतात आणि पुढच्या उन्हाळ्याअखेर काढतात. म्हणजे १३०७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात टेम्पलरांनी स्वतः पेरला, जानेवारीत त्यांना पकडलं, पीक मात्र राजाच्या माणसांच्या हाती आलं. बियाण्याचा खर्च जुन्या मालकाच्या वहीत, उत्पन्न नव्या मालकाच्या. बार्ली आणि ओट वसंतात पेरतात, ते राखणदारांच्याच काळात पेरले गेले म्हणून दिसतात. पेरणी एकाची, रास दुसऱ्याची. आपल्याकडे जप्ती झाली की हेच होतं.

मोडीची गोडी:
वा, हे माझ्याही डोक्यात आलं नसतं. एक भर घालतो. ताई, तुमच्या ऑडिटच्या सवयीने नफा-तोटा शोधू नका त्यात. जमेला मागची थकबाकीसुद्धा असते, मग खर्च वजा आणि खाली लिहितात की हा राखणदार अमुक इतकं देणं लागतो, किंवा सुटला. तो माणसाचा हिशेब आहे, शेताचा नाही. आपल्या जुन्या जमाखर्चात शेवटी बाकी काढतात त्या अंगाने वाचा.

आणि १३०८ चं सप्टेंबरचं शिल्लक पुढच्या वर्षी जास्त दिसलं तर परत घाबरू नका, वर्षभराची तरणी मेंढरं वयात आली की मोठ्यांच्या रकान्यात चढवतात, त्याची वेगळी ओळ असते. शिवाय तिकडे साल २५ मार्चला बदलायचं, म्हणून त्यांच्या लेखी तो धरपकडीचा जानेवारी १३०७ चाच. इंडेक्स करताना मी एकदा फसलोय त्यात.

धागाकर्ती:
रविवारी टेम्पल ब्रुअरला, टेम्पलरांच्या जुन्या ठिकाणी, जाऊन आले, बाराव्या शतकातला बुरूज एका शेताच्या आवारात उभा आहे, बाजूला ट्रॅक्टर. परत येऊन लोकरीच्या ओळी नव्याने मोजल्या, आठपैकी तीन चुकल्या होत्या, तिन्ही माझ्याच. एकच शेवटचं विचारते, पैशांच्या ओळीतही सी १२० धरायचा का? तसं असेल तर सगळंच परत आलं.

मोडीची गोडी:
नाही नाही, पाउंडात शंभर म्हणजे शंभरच. तिथे फक्त १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगचा पाउंड, आणि मार्क दिसला तर १३ शिलिंग ४ पेन्स. बाकी झोपा आता.