कमानपाट्याच्या सुरीला पाणी देणे: नवशिक्याला भट्टी आणि तेल खरोखर हवे का?

जुना फिटर
सुरी बनवण्याच्या कालच्या धाग्यावर 'रविवारचा लोहार' यांनी लिहिले आहे की भंगारातला कमानपाटा, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, आणावा, घासून आकार द्यावा, लालभडक करून पाण्यात बुडवावा आणि बाकीचे चोचले कारखानदारांवर सोडावेत. हीट ट्रीटमेंट विभागात बत्तीस वर्षे काढल्यामुळे हे वाचून गप्प राहवले नाही. 'लालभडक' हे तापमान नव्हे. जो रंग भर उन्हात जेमतेम दिसतो, तोच तिन्हीसांजेला डोळे दिपवतो. पोलादाला सुमारे ७७० अंशांना चुंबक चिकटेनासा होतो आणि पाट्याचे पोलाद त्याच्याही वर, साधारण ८३० ते ८६० अंशांपर्यंत न्यावे लागते. मग ते पन्नास-साठ अंशांवर कोमट केलेल्या तेलात विझवायचे आणि हाताला सोसवेल इतके निवताच २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा भाजायचे, कारण नुसते विझवलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. हे चोचले नाहीत.

रविवारचा लोहार
साहेबांनी कारखाना घरी आणला, आभारी आहे. आमच्या गावच्या बाजाराकडेला दरवर्षी घिसाड्यांचे पाल पडत असे. जमिनीत खड्ड्याची भट्टी, हाताने फिरवायचा भाता आणि घमेल्यात पाणी, एवढ्यावर झालेल्या कोयत्याने आजोबांनी कित्येक हंगाम ऊस तोडला. त्या घमेल्याशेजारी मला थर्मामीटर दिसल्याचे आठवत नाही. माझीही पाण्यात विझवलेली सुरी सहा महिने अखंड आहे.

कानस
तुमची टिकली, माझी नाही. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यातून पाते काढण्यात माझे दोन महिने गेले होते. पाण्यात घातल्यावर 'टिक्' असा बारीक आवाज आला आणि मी तो घमेल्याचा समजलो. धार काढताना पाहतो तो धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी रेघ. शिवाय भंगारात कोणते पोलाद आहे, हे भंगारवालाही सांगू शकत नाही. सळईचा तुकडा घेऊन तो कडक का होत नाही, असे विचारणारे दर महिन्याला येथे येतात.

मिरजकर
घिसाड्यांचा दाखला देणाऱ्यांनी त्यांचे काम कधी जवळून पाहिले आहे का? लहानपणी मी तासन्‌तास त्या पालाशी बसत असे. ते कोयता पाण्यात टाकून देत नाहीत. फक्त धारेची बाजू बोटभर पाण्यात धरतात, पाठ लालच ठेवतात, लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धार घासून चकचकीत करतात आणि पाहत राहतात. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे उतरते. चकाकत्या भागावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट रंग सरकत येतो आणि हवा तो रंग धारेवर पोचताच पूर्ण पाते विझवतात. फिटरसाहेब ज्याला दोन तास देतात, ते काम तेथे मिनिटाच्या आत उरकते. भट्टीही पालाच्या सावलीत असते, ती रंग ओळखता यावा म्हणून. नेपाळात खुकरीच्या धारेवर किटलीने पाणी सोडतात, तेही पाट्याच्याच पोलादावर. असे असताना आपण मात्र विळे विकणाऱ्या घिसाडी बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

जुना फिटर
घासाघिशीचा मुद्दा वेगळा आहे. त्यात मी नाही. रंगाचे म्हणणे मान्य करतो, कारण नाकारायला जागाच ठेवलेली नाही. मात्र मिरजकरांनी माझीच बाजू मांडली. घिसाडी भाजणे टाळत नाहीत, रविवारचे लोहार टाळतात. पाठ गरम ठेवण्याची ती युक्ती जाड कोयत्यात चालते. दोन-तीन मिलिमीटरच्या सुरीत उष्णता साठतेच किती? आणि हा रंग ओळखायला पिढ्या लागल्या. नवशिक्याने चुंबक, तेल आणि घरचा ओव्हन वापरावा, यात कमीपणा कसला?

कानस
फक्त ते तेल गाडीचे जळके नसावे. मी ते वापरले आणि त्या धुराने दोन दिवस घसा धरला होता. साधे स्वयंपाकाचे तेल पुरते. रविवारचे लोहार, वाद घालण्यापेक्षा सुरीवर कानस फिरवा. काचेवरून घसरल्यासारखी सरकली तर पाते कडक आहे, चरचरत चावली तर नाही. आधी वरचा थर घासून काढा, तो भट्टीत कार्बन गमावून मऊ झालेला असतो.

रविवारचा लोहार
फिरवली. वरचा थर काढून तीन ठिकाणी फिरवली आणि तिन्ही ठिकाणी चावली. म्हणजे सहा महिने सुरीला तडा गेला नाही, कारण ती कडक झालीच नव्हती. आणि दर आठवड्याला धार लावावी लागते, त्याचा दोष मी आजवर टोमॅटोंना देत होतो. फिटरसाहेबांनी खुशाल पेढे वाटावेत. चुंबक जुन्या स्पीकरमधून काढला आहे. तेल किती लिटर घ्यावे, तेवढे सांगा. ओव्हनबद्दल घरात मी स्वतः बोलेन, पण आज नाही.