कारागृहातील भावाला पत्र: पत्ता कसा लिहावा आणि मजकुरात काय असावे?

प्रश्न (बहीण, बार्शी)

माझा धाकटा भाऊ न्यायाधीन बंदी आहे, म्हणजे त्याचा खटला अजून चालू आहे. आधी तो जिल्हा कारागृहात होता. अलीकडेच त्याला दूरच्या मध्यवर्ती कारागृहात हलवण्यात आले. आईचे गुडघे पाहता इतक्या लांब मुलाकातीला जाणे तिला झेपत नाही आणि त्याचा फोन येतो तेव्हा वकील आणि पुढची तारीख एवढ्यातच वेळ संपून जातो. म्हणून घरून नियमित पत्र लिहावे असे आम्ही ठरवले. जिल्हा कारागृहात पाठवलेली पत्रे त्याला मिळत होती; नव्या ठिकाणी पाठवलेले पत्र मात्र त्याच्या हाती पडलेले नाही. पत्त्यावर नेमके काय लिहावे? पत्र आधी कोण वाचते आणि खटल्याविषयी लिहिले तर चालते का? त्याच्या लहान मुलीने काढलेले चित्रही पाठवायचे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (एका शिक्षाबंदीची पत्नी, सातारा)

ताई, बहुधा जुना बंदी क्रमांक लिहिल्यामुळे पत्र अडकले असावे. कारागृह बदलले की क्रमांक बदलतो, आणि उद्या शिक्षा झालीच तर न्यायाधीन बंदी म्हणून असलेला क्रमांकही जाऊन नवा मिळतो. येरवड्यासारख्या हजारो बंदी असलेल्या ठिकाणी एकाच नावाची अनेक माणसे असतात, म्हणून भावाचे नाव वडिलांच्या नावासह आणि आडनावासह संपूर्ण लिहावे, त्याखाली नवा क्रमांक, ठाऊक असल्यास सर्कल (कारागृहातला विभाग) आणि बराक, मग 'मार्फत अधीक्षक', कारागृहाचे नाव आणि पिनकोड. पुढच्या फोनमध्ये सर्वांत आधी हा क्रमांक विचारून घ्या. पाठवणाऱ्याचे नाव-पत्ताही पाकिटावर अवश्य असू द्या.

मजकुराविषयी माझे आग्रहाचे सांगणे असे की घरातले बारीकसारीक सगळे लिहा. 'इकडे सर्व ठीक आहे, काळजी करू नकोस' एवढ्याने आतल्या माणसाची काळजी वाढते, कारण आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे असे त्याला वाटू लागते. तुरीला भाव काय मिळाला, विहिरीला पाणी किती आहे, आईने कोणत्या डॉक्टरांना दाखवले आणि त्यांनी कोणती गोळी बंद केली, असे लिहा. माझे पती तीच पत्रे पुन्हा पुन्हा वाचतात आणि मुलाकातीच्या वेळी त्यांतील एखाद्या ओळीवरून मला पुढचे विचारतात. अक्षर मोठे आणि सुटे काढा; बराकीत उजेड बेताचा असतो, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचे पत्र शेजारचा बंदी वाचून दाखवतो.

उत्तर (निवृत्त टपाल कर्मचारी, नाशिक)

चित्र पाठवायचे असेल तर अंतर्देशीय पत्र वापरू नये. त्याची किंमत अडीच रुपये असली तरी त्यात काहीही घालण्यास मनाई आहे आणि तशी सूचना त्याच्यावरच छापलेली असते. साधे पाकीट घ्यावे. वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचे तिकीट पुरते. वजन त्यापुढे गेले आणि तिकीट कमी लावले तर पत्र नॉटपेड होते, कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून मागितले जातात, आणि बंदीच्या वतीने ते तिथे कोण भरणार? चित्र साध्या कागदावर पेन्सिलीने किंवा खडूने काढलेले असावे. टिकल्या, चमकी, चिकटवलेले कागद टाळावेत, कारण चिकटवलेल्या थराखाली काही दडवले आहे का हे पाहण्यासाठी ते उचकटावे लागते.

1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. स्पीड पोस्टने पाठवल्यास पत्र कारागृहाच्या कार्यालयात कधी पोहोचले ते कळते. भावाच्या हातात कधी पडले ते त्यावरून कळत नाही. घरगुती पत्रांसाठी साधे टपाल पुरेसे आहे. वकीलपत्रासारखा कागद असेल तेव्हाच स्पीड पोस्टचा खर्च करावा.

उत्तर (वकील, पुणे)

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. येणारे आणि जाणारे पत्र कारागृह प्रशासन उघडून तपासू शकते आणि आक्षेपार्ह वाटल्यास रोखू शकते. म्हणून कोणता साक्षीदार काय म्हणतो, जामीन अर्जात कोणता मुद्दा घ्यायचा आहे, फिर्यादीच्या घरच्यांशी कोणी बोलले का, याविषयी पत्रात एक ओळही लिहू नये. 'तारीख अमुक आहे, वकील हजर राहणार आहेत' एवढे पुरे. बाकीचे वकिलांनी त्याला प्रत्यक्ष भेटून सांगावे. ओळखीच्या शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. नियम मोडून बंदीशी संपर्क साधणे 1894 च्या तुरुंग अधिनियमापासूनच गुन्हा मानले गेले आहे आणि त्या कायद्याच्या कलम 42 मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंतची कैद सांगितली होती.

मात्र तपासणीचा अधिकार म्हणजे मनमानीचा अधिकार नव्हे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे मुंबईत स्थानबद्ध असताना त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले आणि प्रकाशनासाठी हस्तलिखित बाहेर पाठवू देण्याची परवानगी मागितली. राज्य सरकारने ती नाकारली. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल संझगिरींच्या बाजूने दिला, कारण स्थानबद्धतेच्या अटींमध्ये नसलेले बंधन त्यांच्यावर लादता येत नव्हते. पुढे सुनील बात्रा या बंद्याने दुसऱ्या बंद्याच्या छळाविषयी लिहिलेले पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीतही बंद्याला येणाऱ्या पत्रांच्या संख्येवर मर्यादा ठेवलेली नाही. तेव्हा जास्त पत्रे पाठवली तर अधिकारी नाराज होतील ही भीती मनातून काढून टाका.

नव्या क्रमांकाने पाठवलेले पत्रही पोहोचले नाही, तर अधीक्षकांच्या नावे साधा लेखी अर्ज करावा. त्यात पत्र टाकल्याची तारीख आणि बंदी क्रमांक नमूद करून ते मिळाले का, रोखले असल्यास कोणत्या कारणाने, असे विचारावे. उत्तर न आल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. त्यांचे वकील आणि स्वयंसेवक कारागृहात जात असतात आणि हे काम विनाशुल्क होते. पाकीट परत आले तर त्यावरचा शेरा वाचल्याशिवाय ते फेकू नका. बदलीचा शेरा असेल तर त्याच दिवशी वकिलांना कळवा, कारण भावाला पुन्हा हलवले असल्यास पुढच्या तारखेला त्याला कोणत्या कारागृहातून हजर करणार, हे त्यांना आधी ठाऊक असायला हवे.